दयेची अट : ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील एका निवाड्याविषयी

शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह १६२३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ची गणना त्यात सुखात्मिकांमध्ये करण्यात आली. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर ते योग्यच होते. तीन जोडप्यांचे विवाह, पुरुषवेष धारण केलेल्या स्त्रिया, अंगठ्यांवरून रंगलेला लटका कलह आणि अखेरीस चांदण्या रात्री वाजणारे मधुर संगीत, अशी सुखात्मिकेची सारी लक्षणे ह्या नाटकात आहेत. असे असूनही नाटक वाचून संपले की वाचकाच्या मनात रेंगाळतो तो चौथ्या अंकात न्यायालयातून उठून गेलेला आणि पाचव्या अंकात पुन्हा न दिसलेला एक वृद्ध मनुष्य. १६०० साली छापल्या गेलेल्या प्रतीच्या मुखपृष्ठावर त्याच्या क्रौर्याची मुद्दाम जाहिरात केलेली होती. गेली दोनशे वर्षे मात्र रंगभूमी आणि समीक्षा दोन्ही त्याच्याविषयी अस्वस्थ आहेत.

ही अस्वस्थता बहुधा एकाच प्रश्नाच्या रूपाने मांडली जाते : शायलॉक खलपुरुष की अन्यायाचा बळी? ह्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि दोन्ही बाजूंना नाटकात आधार सापडतो. प्रस्तुत लेखात थोडा निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. न्यायालयात शायलॉकला दया दाखवण्यात आली, असे नाटकातील ख्रिस्ती पात्रे मानतात. ती दया होती काय? तिला एक अट जोडलेली होती आणि ती अट स्नानसंस्काराची होती. ख्रिस्ती वाचकाला ह्या नाटकातील हाच भाग सर्वांत अधिक टोचला पाहिजे, कारण येथे आपल्या श्रद्धेचा पहिला संस्कार शिक्षा म्हणून वापरला गेला आहे.

प्रथम काळाची चौकट लक्षात घेऊ. नाटक १५९६ ते १५९८ च्या दरम्यान लिहिले गेले. राजा पहिला एडवर्ड ह्याने १२९० साली ज्यू लोकांना इंग्लंडमधून हद्दपार केले होते. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी उघडपणे आपला धर्म पाळणारा ज्यू माणूस पाहिलेलाच नव्हता. त्यांनी पाहिला होता तो दंतकथांतला आणि रंगभूमीवरचा ज्यू. ख्रिस्तोफर मार्लोचे ‘द ज्यू ऑफ माल्टा’ त्या काळात विलक्षण लोकप्रिय होते. १५९४ साली एलिझाबेथ राणीचा वैद्य रॉडेरिगो लोपेझ ह्याला राणीवर विषप्रयोग करण्याच्या कटाच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. लोपेझ हा पोर्तुगालमधील ज्यू कुळात जन्मलेला, परंतु ख्रिस्ती म्हणून जगणारा मनुष्य होता. ज्यांच्यासमोर शायलॉक प्रथम उभा राहिला, त्यांच्या मनात हे सारे ताजे होते.

प्रत्यक्ष व्हेनिसमध्ये ज्यू राहत होते, पण कसे? १५१६ साली त्या नगराने त्यांना एका वस्तीत राहण्याची सक्ती केली. ‘घेट्टो’ हा शब्द जगाला मिळाला तो तेथूनच. रात्री त्या वस्तीचे दरवाजे बंद होत आणि पहारेकऱ्यांचे वेतन मात्र वस्तीतल्याच लोकांना द्यावे लागे. अंगावर वेगळी खूण अथवा डोक्यावर वेगळ्या रंगाची टोपी त्यांना सक्तीची होती. मोजकेच व्यवसाय त्यांना मोकळे होते आणि सावकारी हा त्यांतला एक. व्याज घेणे ख्रिस्ती माणसाला पाप, पण कर्जाची गरज तर सर्वांनाच. म्हणून ते पाप ज्याच्यावर सोपवले, त्याचाच पुन्हा त्या पापासाठी तिरस्कार करावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

ह्या तिरस्काराचे शेक्सपिअरने केलेले चित्रण मार्मिक आहे, कारण तो त्याने दुष्ट माणसांच्या ठायी दाखवलेला नाही. अँटोनिओ हा नाटकातील सज्जन पुरुष. मित्रासाठी तो आपला जीव गहाण ठेवतो, व्याजाशिवाय कर्ज देतो, मरणाला धीराने सामोरा जातो. हाच अँटोनिओ भर बाजारात शायलॉकच्या अंगावर थुंकतो, त्याला कुत्रा म्हणतो, लाथाडतो. तीन हजार डुकॅट मागावयास आला असतानाही तो खेद व्यक्त करीत नाही. उलट हे सारे आपण पुन्हा करू, असे बजावतो. पूर्वग्रह हा दुर्जनांचाच दुर्गुण असता, तर त्याची चिंता करण्याचे फारसे कारण नव्हते. तो सज्जनांच्या सवयीत मुरतो आणि तेथे तो दुर्गुण म्हणून ओळखूच येत नाही. बुद्धिमान आणि उदार पोर्शियाही त्यातून सुटलेली नाही. मोरोक्कोचा राजपुत्र पेटी निवडण्यात चुकतो, तेव्हा त्याच्या वर्णाच्या माणसांनी असेच चुकावे, अशी इच्छा ती सहज बोलून जाते.

शायलॉकचे तिसऱ्या अंकातील प्रसिद्ध भाषण ह्या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. आपल्यालाही इंद्रिये आहेत, जखम झाली तर आपलेही रक्त वाहते, असा त्याचा युक्तिवाद आहे. शालेय उताऱ्यांतून हे भाषण समतेचा जाहीरनामा म्हणून येते. पण त्याचा शेवट सूडात होतो. आपण सर्व बाबतींत तुमच्यासारखे आहोत, तर सूडातही तुमच्यासारखेच असू, आणि हा धडा आपल्याला ख्रिस्ती लोकांनीच शिकवला, असे तो म्हणतो. ह्या भाषणात सत्य आणि विष एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यांतले एकच उचलणारा वाचक नाटककाराला न्याय देत नाही.

शायलॉकचा अपराध झाकण्याचेही कारण नाही. करारपत्राच्या आडून तो माणूस मारावयास निघाला आहे. पैसे तिप्पट देऊ केले तरी त्याला नकोत. न्यायालयात तो सुरीला धार लावत बसतो. अँटोनिओ ख्रिस्ती आहे म्हणून आपण त्याचा द्वेष करतो, असे त्याने आरंभीच स्वतःशी म्हटलेले आहे. तरी ह्या द्वेषाला वर्षांची पुंजी आहे आणि मुलगी जेसिका दागिने घेऊन एका ख्रिस्ती तरुणाबरोबर पळून गेल्यावर त्या पुंजीला आग लागते. पत्नी लिआ हिने लग्नापूर्वी दिलेली अंगठी मुलीने एका माकडाच्या बदल्यात देऊन टाकली हे ऐकून तो जे उद्गार काढतो, त्यांत सावकार कोठेच नाही. तेथे फक्त एक विधुर आहे.

आता न्यायालयाकडे वळू. तेथे शायलॉक एक असा मुद्दा मांडतो की ज्याला कोणीही उत्तर देत नाही. तुम्ही विकत घेतलेले गुलाम बाळगता, त्यांना जनावरासारखे राबवता. त्यांना मुक्त करा असे मी म्हटले, तर ते आमचे आहेत असेच तुम्ही सांगाल. तसेच हे मांसही मी विकत घेतलेले आहे. युक्तिवाद भयंकर आहे, परंतु तो व्हेनिसच्याच कायद्यातून निघालेला आहे. माणसाच्या देहावर मालकी असू शकते हे तत्त्व त्या नगराने आधीच मान्य केलेले होते. ड्यूक ह्यावर काही बोलत नाही आणि कायद्याचा विद्वान येणार असल्याची वार्ता लागलीच पुढे येते.

तो विद्वान म्हणजे वेषांतर केलेली पोर्शिया. दयेविषयीचे तिचे भाषण आपल्याकडील वक्तृत्वस्पर्धांतून आजवर असंख्य विद्यार्थ्यांनी म्हटले असेल. त्याचा गाभा असा की दया हुकमाने करवून घेता येत नाही. ती देणाऱ्यालाही धन्य करते आणि घेणाऱ्यालाही. राजसत्तेहून ती श्रेष्ठ आहे, कारण ती परमेश्वराचा गुण आहे. केवळ न्यायाच्या बळावर आपल्यापैकी कोणाचेही तारण होणार नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ह्यातील एका शब्दालाही हरकत घेता येणार नाही.

हरकत आहे ती नाटकात हे भाषण ज्या मांडणीत येते तिला. नियमावर बोट ठेवणारा तो ज्यू आणि दयेची शिकवण देणारा तो ख्रिस्ती, जुना करार न्यायाचा आणि नवा करार कृपेचा, अशी ती मांडणी आहे. शतकानुशतके आपल्या व्यासपीठांवरूनही ती ऐकवली गेली, पण ती खरी नाही. दया हा इस्राएलच्या धर्मग्रंथांचा प्राण आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८० सालच्या दयेवरील आपल्या विश्वपत्रात दोन हिब्रू शब्दांचा अर्थ उलगडून दाखवला आहे. ‘हेसेद’ म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणारे प्रेम आणि ‘रहमीम’ म्हणजे आईच्या उदरातून उमळणारी माया. होशेय आणि मीखा ह्या संदेष्ट्यांनी दयेचा आग्रह धरला तो प्रभू येशूच्या कित्येक शतके आधी. मुंबईकरांना तर ह्याचा पुरावा दूर शोधावयास नको. आपल्या कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. जवळच्या ‘मशीद’ रेल्वेस्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. त्या सिनेगॉगचे नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. शायलॉकला दयेचा अर्थ परक्याकडून शिकण्याची गरज नव्हती. आपल्याच धर्मग्रंथांतील दया तो त्या दिवशी विसरला होता, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

पोर्शियाच्या युक्तीने पारडे फिरते. मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये, आणि वजनात केसभरही फरक पडता कामा नये. प्रेक्षक येथे टाळ्या वाजवतो, कारण एका निरपराध माणसाचा जीव वाचतो. परंतु खटला येथे संपत नाही. शायलॉक हात हलवीत निघून जाऊ लागतो, तेव्हा पोर्शिया एक निराळा कायदा पुढे काढते. परक्या माणसाने नागरिकाच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला, तर त्याची अर्धी मालमत्ता त्या नागरिकाची, अर्धी राज्याची, आणि त्याचा जीव ड्यूकच्या मर्जीवर. ह्या कायद्यातील ‘परका’ हा शब्द लक्षात घेतला पाहिजे. परदेशीयांनाही येथे सारखाच न्याय मिळतो ह्यावर व्हेनिसचा व्यापार उभा आहे, म्हणून ड्यूकला कायदा मोडता येणार नाही, असे अँटोनिओनेच पूर्वी सांगितलेले आहे. त्याच न्यायालयात आता कळते की नागरिकासाठी एक कायदा आहे आणि परक्यासाठी दुसरा. फिर्यादी म्हणून आलेला माणूस आरोपी झाला आणि व्हेनिसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहूनही तो परकाच होता, हे ह्या क्षणी उघड झाले.

ड्यूक मागण्यापूर्वीच त्याला जीवदान देतो, हे त्याच्या पदरी टाकले पाहिजे. नंतर पोर्शिया अँटोनिओला विचारते : तुम्ही त्याच्यावर कोणती दया कराल? ह्या प्रश्नाने सारे नाटक अँटोनिओच्या हाती येते. क्षणापूर्वी तो स्वतः सुरीखाली होता. शायलॉकची अर्धी मालमत्ता त्याच्याकडे राहू द्यावी, असे तो सुचवतो. उरलेली अर्धी आपण सांभाळू आणि त्याच्या मरणानंतर त्याची मुलगी पळवणाऱ्या गृहस्थाच्या हवाली करू, असे सांगतो. पुढे दोन अटी घालतो. शायलॉकने ताबडतोब ख्रिस्ती व्हावे आणि मरताना जे काही असेल ते सारे जेसिका व लोरेन्झो ह्यांना लिहून द्यावे. हे मान्य नसेल तर दिलेले जीवदान मागे घेण्यात येईल, असे ड्यूक बजावतो. आपल्याला मान्य आहे, असे शायलॉक म्हणतो. आपली प्रकृती ठीक नाही, घरी जाऊ द्यावे, एवढीच विनंती करतो.

ह्या प्रसंगाची मूळ कथा ‘इल पेकोरोने’ ह्या इटालियन कथासंग्रहातली आहे. तो संग्रह १५५८ साली छापला गेला. त्या कथेतील सावकार हरल्यावर संतापाने करारपत्र फाडतो आणि निघून जातो. तेथे धर्मांतर नाही. धर्मांतराची अट शेक्सपिअरने घातली आहे, म्हणून तिला प्रासंगिक तपशील मानून पुढे जाता येत नाही.

ह्यावर एक बचाव मांडला जातो आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. त्या काळच्या प्रेक्षकाच्या श्रद्धेनुसार स्नानसंस्काराविना तारण नव्हते, म्हणून अँटोनिओने आपल्या शत्रूला स्वर्गाचे दार उघडून दिले आणि ह्यापरती दया ती कोणती, असा तो बचाव आहे. परंतु त्या काळीही ख्रिस्तसभेची शिकवण अशी नव्हती. थोर पोप संत ग्रेगरी ह्यांनी ५९१ सालीच ज्यूंच्या सक्तीच्या स्नानसंस्काराविरुद्ध महागुरूंना लिहिले होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी निःसंदिग्धपणे मांडले की श्रद्धा ही इच्छेची कृती आहे, म्हणून ज्यांनी ती कधी स्वीकारलेली नाही त्यांच्यावर तिची सक्ती करता येत नाही. स्नानकुंडापाशी धर्मगुरू इच्छुकाला प्रश्न विचारतो, आणि उत्तर त्याचे त्यालाच द्यावे लागते. मागे गळफास टांगून विचारलेल्या प्रश्नाला मिळालेला होकार हे उत्तर नव्हे. पोर्शियाने नुकतेच सांगितले होते की दया सक्तीने होत नाही. आता दयेच्याच नावाखाली सक्ती होत आहे आणि न्यायालयातील एकालाही ही विसंगती जाणवत नाही. ग्रॅशिआनो तर थट्टा करतो की स्नानसंस्काराला तुला दोन धर्मपिते मिळतील, मी न्यायाधीश असतो तर आणखी दहा दिले असते, म्हणजे फाशी देणाऱ्या पंचांची संख्या पुरी झाली असती. त्या सभेत स्नानकुंड आणि फासाचा खांब एकमेकांच्या किती जवळ होते, हे ह्या थट्टेतून कळते.

शिकवण निर्मळ होती, पण आचरण तसे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. १२०१ साली पोप तिसरे इनोसंट ह्यांनी एक भेद केला : अखेरपर्यंत विरोध करणाऱ्याचा संस्कार ग्राह्य नाही, पण धमकीला भिऊन का होईना ज्याने होकार दिला, त्याला ख्रिस्ती श्रद्धा पाळावीच लागेल. शायलॉकचा होकार नेमका ह्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. असा होकार दिलेल्यांचे पुढे काय झाले, हे इतिहासात लिहिलेले आहे. पोर्तुगालमध्ये १४९७ साली हजारो ज्यूंना बळजबरीने स्नानसंस्कार देण्यात आला. त्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत आणि ‘नव’ हे विशेषण पिढ्या उलटल्या तरी जुने झाले नाही. १५०६ साली लिस्बनमध्ये त्यांची कत्तल झाली. १५३६ साली तेथे धर्मन्यायालय स्थापन झाले आणि १५६० साली ते गोव्यात आले. सक्तीने ख्रिस्ती झालेल्या अशाच आईबापांचा मुलगा गार्सिया द ओर्ता हा थोर वैद्य १५३४ साली गोव्यास आला. भारतीय वनौषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. रॉडेरिगो लोपेझची कथाही ह्याच कुळातली. आपण येशू ख्रिस्तावर करतो तेवढेच प्रेम राणीवर करतो, असे तो वधस्तंभापाशी म्हणाला, तेव्हा जमाव हसला, असे इतिहासकार कॅमडेनने नोंदवून ठेवले आहे. आधी बळाने आपल्यात घ्यावयाचे आणि नंतर तू आमचा नव्हेसच म्हणून हसावयाचे, हे शायलॉकच्याही नशिबी आले असते. संस्कारानंतर सावकारीचा धंदा त्याला बंद झाला असता. मुलीच्या पलायनाची बातमी आल्यावर ज्या सिनेगॉगमध्ये भेटण्यास त्याने ट्युबलला सांगितले होते, त्याचे दारही मिटले असते.

मग खरी दया कशी दिसली असती? संत थॉमस सांगतात की दया न्यायाला रद्द करीत नाही, ती न्यायाची परिपूर्ती आहे. दयेला प्रथम न्यायाची वाट चालावी लागते, मगच ती त्याच्या पलीकडे जाऊ शकते. ह्या खटल्यात शायलॉकच्या गुन्ह्याचा हिशेब झाला, परंतु त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा उच्चारही झाला नाही. थुंकल्याबद्दल, लाथाडल्याबद्दल, चोरून नेलेल्या दागिन्यांबद्दल त्या सभेत कोणी एक शब्द काढत नाही. प्रभू येशूच्या दाखल्यातील तो चाकर येथे आठवतो, ज्याचे अवाढव्य कर्ज धन्याने माफ केले आणि ज्याने बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा गळा धरला. मरणाच्या दारातून परतलेल्या अँटोनिओने आपल्या जुन्या वर्तनाबद्दल एक वाक्य उच्चारले असते, तर हे नाटक खऱ्या अर्थाने दयेचे नाटक झाले असते. त्याऐवजी तो आपल्या बुडाल्या समजलेल्या गलबतांपैकी तीन सुखरूप परतल्याची वार्ता ऐकतो आणि आनंदतो.

शेक्सपिअरला हे दिसत होते काय? तो आपल्या काळाचा होता आणि प्रेक्षकांच्या हशासाठी त्याने लिहिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु व्यापारी कोण आणि ज्यू कोण, हे न्यायालयात शिरताना पोर्शियाला विचारावे लागते, ही योजना त्याचीच आहे. शायलॉकच्या तोंडी त्याने असे शब्द घातले की हास्यास्पद ठरलेल्या पात्राला पुढे एडमंड कीनसारख्या नटाने १८१४ साली माणूस म्हणून उभे केले. १९४३ साली व्हिएन्नातील नाझी राजवटीने द्वेषप्रसारासाठी ह्याच नाटकाचा प्रयोग करवला, हेही विसरता येत नाही. नाटक दोन्हींना वाव देते, म्हणूनच ते सावधपणे वाचावे लागते.

ख्रिस्तसभेने ह्या प्रश्नावर आपले पाऊल उशिरा, पण निश्चितपणे उचलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली एका दस्तऐवजात ज्यूंविषयीचा सर्व द्वेष निषिद्ध मानला आणि दुसऱ्यात धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, हा मनुष्याच्या प्रतिष्ठेतून आलेला हक्क म्हणून घोषित केला. ह्या देशात आपण संख्येने अल्प आहोत. विवेकस्वातंत्र्य आपल्यालाही हवे असते आणि ‘परका’ हा शब्द आपल्याही कानांवर अधूनमधून येतो. हे स्वातंत्र्य आपण स्वतःसाठी प्रामाणिकपणे मागणार असू, तर व्हेनिसच्या त्या न्यायालयात जे घडले त्याला दया म्हणण्याचे आपण प्रथम थांबविले पाहिजे. पोर्शियाचे भाषण आपल्या मुलांनी जरूर पाठ करावे, त्यातील विचार थोर आहे. मात्र ते शिकवणाऱ्याने तेथेच पुस्तक मिटू नये. त्या भाषणानंतर काही पानांनी, आजारी असल्याचे सांगून घरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या त्या माणसापर्यंत त्याने मुलांना न्यावे आणि त्याला त्या दिवशी काय मिळाले, असे त्यांना विचारावे.